तोंडाच्या आतला रंग

झाफिमानाना सरळ बोटाने काहीच दाखवत नाही.
पूर्वजांच्या थडग्यांकडे करतो तसं
झाडाकडेही दुमडलेलं बोट, पेराचं टोक:
"ती बघ."
मी विजेरी फिरवते. साल. शेवाळ. सालीवर साल.
"डोकं खाली करून बसलीय," तो म्हणतो,
"कधीची तुझ्याकडेच बघतेय."

ताहाफिसाका. चपट्या कुशीची.
आमच्या गावात एवढंच नाव होतं, पुरायचंही.
अंगाच्या कडेने कातडीची झालर;
बुंध्याला ती अशी टेकवते
की सावलीला शिरायला जागा राहत नाही.
बोटांखाली लाखो केस, प्रत्येक केसाला पुन्हा शेकडो फाटे.
गोंद नाही, नख रोवणंही फारसं नाही,
निव्वळ जवळीक.
पापण्या नाहीत.
डोळ्यांत तेल घालून जागतात म्हणे माणसं;
हिला जिभेचा एक फटकारा पुरतो.
दिवसा बाहुलीची नुसती चीर,
रात्री त्याच चिरेची विहीर,
आणि आम्ही ज्याला काळोख म्हणून वहीत टिपतो
त्यात हिला रंग दिसतात.

अंबुदिहाझुच्या वरचा ओढा. रात्रीचे साडेनऊ.
नाकापासून गुदापर्यंत एकशे दोन मिलिमीटर.
नर. (तो "ती"च म्हणत राहतो.)
शेपटी मूळची, तुटून उगवलेली नाही.
ओठावरचे खवले मोजताना माझी दोनदा चूक होते.
पुढचा प्रश्न तोंडाच्या आतला:
टाळू गुलाबी असेल तर जुनी जात,
काळी असेल तर

तो स्वतःच जबडा उघडतो. एवढ्याशा देहातून
बाळ चिमटल्यासारखी किंकाळी.
आत काळं. जिभेमागे, गालांत, घशापर्यंत,
जळक्या भांड्याच्या बुडासारखं.

"कोळसा खाणारी," झाफिमानाना म्हणतो.
"खालच्या ओढ्यावरच्या नाही खात.
पोरं असताना आम्ही यावर पैजा लावायचो."
मी पेन थांबवते.
"हे तू तीन वर्षांत कधी बोलला नाहीस."
"तू खवले विचारायचीस."

राजधानीत, संग्रहालयाच्या तळघरात
माझ्या टेबलावर एक बरणी आहे. १९३१ची मादी.
अल्कोहोलने तिचा सगळा रंग पिऊन टाकलाय,
टाळूचाही.
चिठ्ठीवर फिकट फ्रेंच अक्षरं:
ओढ्याजवळ. एका स्थानिकाने आणून दिली.
कुठला ओढा?
तिच्यावरून अख्ख्या जातीचं नाव पडलंय.
म्हणजे बरणीतली जर काळ्या तोंडाची निघाली
तर जुनं नाव हिचं,
आणि नवं नाव त्या दुसऱ्यांना,
ज्यांना मी आजवर जुन्या म्हणत आले.
एका नावाखाली दोन संसार किती वर्षं चाललेत, कोण जाणे.
शेपटीच्या टोकाचा तांदळाएवढा तुकडा
मी नळीत टाकते. तो सांगेल.
सहा महिन्यांनी, सांगितलं तर.

"आणि नाव कोण ठेवणार?"
"आम्ही. मी. नियम आहेत त्याचे."
"त्या एकाचं नाव चिठ्ठीवर नाही?"
"नाही."
तो तंबाखूची डबी उघडतो, बंद करतो.

प्राण्याला त्याच झाडावर सोडलं.
खुणेला निळी फीत बांधली, छातीएवढ्या उंचीवर.

सकाळी फीत आहे.
झाड आहे. मी बुंध्याभोवती दोन फेऱ्या मारते,
हात लावायला नको म्हणून मागे बांधून.
झाफिमानानाच्या उजव्या डोळ्यात यंदा मोतीबिंदू उतरलाय,
डाव्यातही सुरू झालाय; बायको सांगत होती
की चुलीजवळचा कपही चाचपून उचलतो.
तरी तो पेर पुढे करतो:
"ती बघ. होती तिथेच."

माझ्या मनात पाल चुकचुकते.
झाडावर काहीच वाजत नाही.
मी वहीत वेळ लिहिते, सहा दहा,
आणि 'दिसली' या रकान्यापाशी
पेन धरून उभी राहते.